जुनं ठाणं राहायला कसं आहे? (नौपाडा, चरई, टेंभी नाका, उथळसर, कोपरी)

चरईकर

"ठाण्यात बदली झालीय, घोडबंदरला घर बघू की गावात?" हा प्रश्न या फोरमवर दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. उत्तरं येतात ती क्लबहाऊस, पोडियम पार्किंग आणि कापूरबावडीच्या जॅमवर. गावाचा, म्हणजे जुन्या ठाण्याचा, विषय निघाला की "तिकडे गर्दी फार बुवा" एवढ्यावर आटोपतं. म्हटलं, एकदा गावातल्यांनीच लिहावं. मी चरईत वाढलो, लग्नानंतर नौपाड्यात आलो. एकूण स्थलांतर चालत पंधरा मिनिटांचं. माझं झुकतं माप कुठे पडणार ते आधीच सांगून ठेवतो.

पालिकेच्या कागदावर हा भाग नौपाडा-कोपरी आणि उथळसर अशा प्रभाग समित्यांत येतो. मालमत्ता कर भरायला ते ठीक. आमची हद्द साधी आहे. हातात भाजीची पिशवी असताना जिथून स्टेशनला पायी जाववतं, तिथपर्यंत गाव. रिक्षाला हात करावासा वाटला की गाव संपलं. या हिशेबात स्टेशन रोड, जांभळी नाका, महागिरी, खारकर आळी, टेंभी नाका, चरई, धोबी आळी, तलावपाळी, राम मारुती रोड, गोखले रोड, घंटाळी, विष्णूनगर एवढं तर बसतंच. 'तीन पेट्रोल पंप' नावाच्या नाक्याच्या पुढे वाद होऊ शकतो. खाली खुशाल घाला.

स्टेशनापासून सुरू करतो. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी शाळेत सगळ्यांनी पाठ केलीय, त्यात वेळ घालवत नाही. राहणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की इथून सुटणारी लोकल मिळते. सकाळी 'ठाणा स्लो' धरली तर बसायला मिळण्याची शक्यता असते. कल्याण-डोंबिवलीकडून लोंबकळत येणारी मंडळी त्यावरून आपल्याला काय काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. २००४ पासून वाशीकडची गाडीही इथूनच आहे, त्यामुळे नवरा बीकेसीला आणि बायको महापे-ऐरोलीला अशी जोडपी गावात खूप. पश्चिमेला बाहेर पडलं की डोक्यावर सॅटिसचा पूल. २००९ पासून टीएमटीच्या बस वर चढल्या आणि खाली शेअर रिक्षांच्या रांगा राहिल्या. त्याने गर्दी कमी झाली असं मी म्हणणार नाही. तिचे दोन मजले झाले, एवढं नक्की.

तिथून जांभळी नाका. हा गावाचा पोटापाण्याचा भाग. एकदा तरी सकाळी सातच्या आत जा. घाऊक व्यवहार आटपत आलेला असतो, टेम्पो मागे घ्यायला जागा नसल्यामुळे आरडाओरडा चालू असतो आणि किरकोळवाले खाली बसून मेथीच्या जाड जुड्या सोडत असतात. एका जुडीच्या तीन होतात, त्यांच्यावर पाण्याचा शिपका बसतो आणि दहा वाजता त्यातली एक तुम्हाला जवळजवळ आख्ख्या जुडीच्या भावात मिळते. म्हणून गावातल्या जुन्या बायका लवकर जातात. कोपिनेश्वराच्या दारातल्या फुलवाल्यांना तुमच्या घरात कधी काय आहे हे तुमच्या आधी माहीत असतं. मार्गशीर्षात गुरुवारी पाच झाडांच्या डहाळ्या, फळं, वेणी सगळं एकत्र बांधून तयार. गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नका. आम्ही जातोच, पण तो हट्टाचा भाग झाला.

कोपिनेश्वर शिलाहारकालीन मानतात. आजची बांधणी पेशवाईतली आहे, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी जीर्णोद्धार केला. पिंड इतकी भली थोरली आहे की पहिल्यांदा आत गेलेला माणूस नमस्कार करायच्या आधी दोन पावलं मागे सरतो. देवळाला लागून मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी. पलीकडे गडकरी रंगायतन, १९७८ पासूनचं. मध्यंतरी नूतनीकरणासाठी बंद होतं तेव्हा नाटकाला दूर घाणेकर नाट्यगृहाला जावं लागायचं आणि परत येताना रिक्षावाल्यांशी वाटाघाटी. २०२५ मध्ये ते पुन्हा उघडलं हे बरं झालं. नाटक सुटल्यावर पायी घरी जाता येणं ही चैन काय असते ते उपनगरातल्यांना सांगून कळायचं नाही.

नौपाडा त्यामानाने झोपाळू. तीन-चार मजली इमारती, तळमजल्यावर डॉक्टर, क्लास, पोळीभाजी केंद्र, साड्यांना फॉल-बिडिंग करून देणारे. गोखले रोड आणि राम मारुती रोडवर खरेदीची झुंबड, पण आतल्या गल्लीत वळलात की दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर अर्ध्यावर असतं. हे किती दिवस राहणार ते सांगवत नाही, कारण एकेक करून सगळ्या इमारती पुनर्विकासाला चालल्यात. त्यावर माहीतगारांनी लिहावं. मला राग आणि लोभ दोन्ही आहे, त्यामुळे मी नीट लिहू शकणार नाही.

---

कोपरीची_सून

चरईकर, छान लिहिलंत, पण नेहमीप्रमाणे पूर्व विसरलात! शीर्षकात कोपरी घातलंत आणि आत एक ओळ नाही. पिशवी घेऊन स्टेशनला पायी जायची अट लावायची तर आम्ही तुमच्यापेक्षा जवळ आहोत. माझ्या घरातून स्टेशनवरची घोषणा ऐकू येते, "गाडी क्रमांक" म्हणेपर्यंत चप्पल घालून निघता येतं.

कोपरीत तीन-चार जग शेजारी शेजारी आहेत. कोपरी गाव, चेंदणीचा पूर्वेकडचा कोळीवाडा, सिंधी कॉलनी, आणि दौलतनगर वगैरे भागातल्या मराठी सोसायट्या. रुळांनी चेंदणी कोळीवाड्याचे दोन तुकडे केले, एक तुमच्याकडे आणि एक आमच्याकडे, पण लग्नकार्यं, मानपान आणि नारळी पौर्णिमा अजून एकत्रच. मीठबंदर रोडला मीठ कधीचं संपलं, नाव आहे. संध्याकाळी सिंधी कॉलनीत दाल पकवान आणि दहीवड्याच्या गाड्या लागतात. माझ्या सासूबाई कडक कोकणस्थ, पण दाल पकवानाला नाही म्हटलेलं मी कधी बघितलं नाही.

भाडं पश्चिमेपेक्षा थोडं कमी पडतं. तोटा एकच. पश्चिमेला काही काम असलं की पादचारी पूल, आणि संध्याकाळी सात वाजता त्या पुलावर उलट दिशेने चालायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. हायवेवरचा कोपरी पूल २०२३ मध्ये रुंद झाल्यापासून मुंबईकडे गाडीने जाणाऱ्यांना मात्र खरंच बरं पडतंय.

---

घोडबंदरवासी

माफ करा, पण हे सगळं स्मरणरंजन वाटतं. मी दहावीपर्यंत उथळसरला होतो, आता कासारवडवलीला आहे. वयस्कर आईवडील चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही, रुग्णवाहिका गल्लीत वळत नाही. मेथीची जुडी ठीक आहे हो, पण माणसं गाव का सोडतात हेही लिहा की. तुम्ही लोक तलावपाळीवर फिरून घरी जाता आणि पाहुण्यांना सांगता "गाडी गावदेवीला लाव".

---

चरईकर

तुमचं म्हणणं डावलत नाही. लिफ्टचा मुद्दा शंभर टक्के खरा. गावदेवी मैदानाखाली भुयारी पार्किंग झालंय, पाहुण्यांना तिथेच पाठवतो, त्यात लाजण्यासारखं काय? पण एक विचारतो. तुमचे आईवडील घोडबंदरला गेल्यावर एकटे बाहेर पडतात का? माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. बँक, दवाखाना, देऊळ, ग्रंथालय, चहाची टपरी सगळं स्वतःच्या पायाने करतात. वाटेत चार जण थांबवतात. एक दिवस दिसले नाहीत तर फळवाला विचारतो. लिफ्टच्या बदल्यात हे मिळतं.

---

घोडबंदरवासी

बाहेर पडतात, गेटपर्यंत. हा मुद्दा दिला तुम्हाला.

---

कोर्टनाका_जुना

निवृत्त सरकारी नोकर आहे, आयुष्य कोर्ट नाक्यावर गेलं. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, जिल्हा परिषद, टाऊन हॉल, सगळं हाकेच्या अंतरावर. मुद्रांक विक्रेते, नोटरी, टंकलेखक, अर्ज लिहून देणारे यांचं एक वेगळंच गाव तिथे दिवसा वसतं आणि संध्याकाळी सहाला उठतं. शहापूर-मुरबाडहून फेरफारासाठी आलेली माणसं अजून सकाळी डबा सोडून झाडाखाली बसलेली दिसतात. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी रात्री बारापासून रीघ लागते. त्या रात्री नाका झोपत नाही.

मुलं विचारतात, ठाण्याचा किल्ला कुठे आहे? तो म्हणजे आजचं कारागृह. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर त्याचा तुरुंग झाला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या प्रकरणातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी. कळव्याकडे जाणाऱ्या बसमधून ती भिंत रोज हजारो लोक बघतात आणि मोबाइलमध्ये मान घालून पुढे जातात. चालायचंच. मीही तीस वर्षं तिच्याकडे बघून फक्त "पाऊस आला तर आडोसा नाही इथे" एवढंच म्हणत होतो.

---

टेंभीवाली

टेंभी नाक्याबद्दल मी लिहिते. आमच्या घराच्या एका बाजूला सिनेगॉग, पुढे गेलं की पारश्यांची अग्यारी, तळ्याकडे गेलं की पोर्तुगीज अमदानीतलं सेंट जॉन चर्च, खाली महागिरीच्या मशिदी. ही यादी प्रत्येक माहितीपत्रकात असते. पण राहताना ती यादी वाटत नाही. सिनेगॉग १८७९ चं, 'शार हाशामाईम'. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ही मंडळी आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात, आडनावं पेणकर-आपटेकर धर्तीची. आमच्या मजल्यावरच्या आजी शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या वारी, गॅस पेटवत नसत. मी शाळेतून आले की त्या दारात उभ्या असायच्या आणि तोंडाने काही न मागता नुसतं "आलीस का गं?" म्हणायच्या. मग मी आत जाऊन दिवा लावायचा. नंतर मलिद्याचे पोहे, नारळ-गुळाचे, वर फळांच्या फोडी. मुलं इस्रायलला गेली, मग त्याही गेल्या. तरी ठाण्यात हा समाज अजून बऱ्यापैकी आहे. सणाच्या दिवशी सिनेगॉगच्या फाटकाशी गर्दी बघा.

नवरात्र म्हणजे टेंभी नाका, हे वेगळं सांगायला नको. आनंद दिघे यांनी सुरू केलेला उत्सव, देवी कळव्याहून मिरवणुकीने येते. नऊ दिवस आमच्या घरी यायचं असेल तर आधी फोन करा, कुठल्या गल्लीतून या ते त्या दिवशीच्या बॅरिकेडवर अवलंबून. ज्यांना राजकारणाची चव आहे त्यांच्यासाठी हा भाग म्हणजे पर्वणी. शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती १९६७ मध्ये, याच ठाण्याच्या नगरपालिकेत. ज्यांना नाही त्यांनी भाडेकराराआधी एकदा नवरात्रात रात्री दहाला येऊन आवाज ऐकून जावा. प्रामाणिक सल्ला.

---

बदलीवाला

धागा वाचतोय, मजा येतेय. बदलीचा प्रश्न विचारणारा मीच, नाशिकहून येतोय. नौपाड्यात एक वन बीएचके बघितलाय, दुसरा मजला, इमारत जुनी पण हवेशीर. एजंट म्हणतो "पाणी कधी भरत नाही, रिडेव्हलपमेंटला अजून पाच वर्षं आहेत". दोन्हीवर विश्वास ठेवू का?

---

नौपाडा_बारमाही

दोन्हीवर नको. 😀

पाण्याचं आधी. नौपाडा सगळा सारखा नाही. चिखलवाडी सखल आहे, जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की तिथे पाणी भरतंच, दर वर्षी बातम्यांत नाव असतं. वंदना सिनेमाच्या डेपोपाशीही तेच. त्यापासून लांब आणि चढाच्या बाजूला असाल तर काळजी नाही. एजंटला विचारू नका, तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, तो फळीच्या खालच्या बाजूची पाण्याची रेघ दाखवेल. दुसरा मजला असल्यामुळे घरात पाणी येणार नाही, पण मीटरची खोली आणि पंप खाली असतो. तो बुडाला की वर नळाला थेंब नाही.

रिडेव्हलपमेंट. इथे सगळं घोडं रस्त्याच्या रुंदीवर अडतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (म्हणजे दुसरीकडून आणलेला वाढीव बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. टीडीआर नाही तर बिल्डरला वाढीव मजले नाहीत, आणि वाढीव मजले नाहीत तर तो सभासदांना मोठं घर आणि भाडं कुठून देणार? आमच्या आतल्या गल्ल्या कित्येक ठिकाणी ६ मीटरच्या आसपास. डिसेंबर २०२० मध्ये नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी रविवारी सकाळी फाटकापासून समोरच्या कुंपणापर्यंत टेप धरला. एक टोक त्यांच्याकडे, दुसरं वॉचमनकडे. मध्ये लावलेल्या स्कूटर उचलून बाजूला करायला आम्ही चौघं. काका म्हणाले सात-वीस. समोरच्या सोसायटीचे चेअरमन गॅलरीतून ओरडले, "गटाराच्या आतून धरा, बाहेरून काय मोजता!" मग गटार रस्त्यात धरायचं की नाही यावर अर्धा तास. शेवटी दोन्ही बाजूंनी थोडी थोडी जागा सोडून रस्ता ९ मीटर करून घ्यायचा असं ठरलं, पण आधी कोण सोडणार? तिथेच ते अजून आहे. आमच्यापुढच्या गल्लीत दोन इमारतींनी मिळून सोडली आणि त्यांचा टॉवर आज बाराव्या मजल्यापर्यंत आलाय.

तेव्हा एजंटने सांगितलेली पाच वर्षं म्हणजे काहीच नाही. सोसायटीने विकासक नेमायचा ठराव केलाय का, तेवढं विचारा. केला असेल तर अकरा महिन्यांचा करार पुरा होण्याआधीही 'खाली करा' येऊ शकतं. नोटिशीचा कालावधी करारात नीट लिहून घ्या. आणि नोटिशीचा फलक वाचा, जिन्याखाली असतो. सगळी इमारत त्या फलकावर असते: थकबाकीदार, गळती, भांडणं.

---

उथळसरचा

घोडबंदरवासी उथळसरचे निघाले म्हणजे एक माणूस कमी झाला आमचा. चरईकरांच्या पिशवीच्या व्याख्येत आम्ही बसतो की नाही? माझी आई बसते. मी बसत नाही, मला गुडघ्याचा त्रास. आमच्याकडे चाळी, बैठी घरं आणि टॉवर एकाच गल्लीत दिसतील. क्रिकेट अजून रस्त्यावर चालतं, ऑफ साइडला एक धडकेल अशी भिंत असते आणि लेगला नेहमी कुणाची तरी खिडकी. नौपाड्यासारखा साजूकपणा नाही. भाडं कमी, माणसं मोकळी, गणपतीत दहा दिवस झोप नाही.

---

विष्णूनगर_वडा

एवढं लिहिलंत आणि खाण्यावर अवाक्षर नाही? घ्या.

गजाननचा वडापाव, सोबत ती पिवळी बेसनाची चटणी. बाहेरगावचे ती चटणी बघून "हे काय पिठलं दिलंय" म्हणतात आणि दुसऱ्या वड्याला वाटीभर मागतात. स्टेशनजवळ कुंजविहारचा जंबो, तो एकट्याने खायचा नसतो, दोघांत घ्या. मामलेदारची मिसळ ही कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची, तिखट-मध्यम-कमी असं विचारतात. तिथला 'मध्यम' म्हणजे इतर ठिकाणचा तिखट. नाशिकचे असाल तर मिसळीवरून वाद घालाल याची खात्री आहे. घाला, पण आधी घाम पुसा. प्रशांत कॉर्नरला मिठाईसाठी दिवाळीच्या आठवड्यात जाणं म्हणजे रांगेत ओळखी वाढवणं.

घरगुती जेवण हवं असेल तर नौपाड्यातली पोळीभाजी केंद्रं. फलकावर बारा वाजता लिहिलेल्या भाज्यांपैकी अर्ध्या एक वाजेपर्यंत पुसलेल्या असतात.

---

बदलीवाला

नाशिकची मिसळ ती मिसळ. बाकी मान्य.

---

वाचनालयातली_ताई

चरईकरांनी वडिलांच्या ओघात नुसतं 'ग्रंथालय' म्हटलं, ते म्हणजे मराठी ग्रंथसंग्रहालय, म्हणून लिहिते. १ जून १८९३ ला वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केलं. मुंबईत-पुण्यात अशी ग्रंथसंग्रहालयं व्हायच्या आधी ठाण्यात फक्त मराठी पुस्तकांसाठी ग्रंथालय निघालं, याचा ठाणेकरांना व्हायला हवा तेवढा अभिमान नाही. काउंटरवर आजही दिवाळी अंकांच्या मोसमात नंबर लागतात. एक आजोबा अंक परत करताना आतल्या शब्दकोड्यात पेन्सिलने उत्तरं लिहून ठेवायचे. त्यांना सांगून पाहिलं, तेव्हा म्हणाले, "पुढच्याला मदत." त्यांच्या नावावर अंक देताना आम्ही मग आधी त्यातलं कोडं झेरॉक्स करून हातात द्यायला लागलो.

गावात संध्याकाळ फुकट घालवायची सोय चांगली आहे. जानेवारीत म्हाळगी व्याख्यानमाला, नौपाड्यात अत्रे कट्टा, सहयोग मंदिरात काही ना काही, घंटाळीला योगवर्ग. घंटाळी मित्र मंडळ १९६५ पासून तो चालवतंय. तिकीट नाही, चौकशी नाही, खुर्ची रिकामी असली की बसा. श्रोते बहुतेक पासष्टच्या पुढचे असतात हे खरं. तरुण येत नाहीत असं रडगाणं ऐकते, पण नऊला घरी पोचणाऱ्याने सहाच्या व्याख्यानाला यायचं कसं?

---

घोडबंदरवासी

ताई, हा प्रश्न आवडला. आणि एक सांगू का, वर्तुळाकार मेट्रो झाली की तुमचा-आमचा वाद अर्धा मिटेल. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिलीय, २९ किलोमीटर, २२ स्थानकं, गावातला भाग भुयारी. आम्हीही पिशवी घेऊन तलावपाळीला येऊ.

---

चरईकर

या की. पण मंजुरी मिळाली आणि गाडी आली यात ठाण्यात काय काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. घोडबंदरच्या मेट्रोच्या खांबांखालून माझ्या पुतण्याचं बालपण गेलं. गावात खणायला घेतील तेव्हा गोखले रोडचं काय होईल याची मला जास्त चिंता. या गावाचं सगळं चालण्यावर उभं आहे. फूटपाथ आधीच फेरीवाले, दुचाक्या आणि दुकानांच्या पायऱ्यांत वाटला गेलाय. एका गल्लीत चार टॉवर उठले की प्रत्येक घरामागे एक गाडी बाहेर येणार, आणि गल्ली ६ ची ९ झाली तरी ते वाढीव ३ मीटर पार्किंगलाच जाणार. तेव्हा माझे वडील ग्रंथालयात पायी जाऊ शकतील का? मला रिडेव्हलपमेंट नको असं नाही. चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवलेली माणसं मीही बघितलीत. पण नकाशात रस्ता रुंद करताना त्यात चालणाऱ्याचा हिस्सा किती, हे कुणी विचारताना दिसत नाही. सभेत सगळे कार्पेट एरियावर बोलतात.

---

नौपाडा_बारमाही

+१. आमच्या सभेत फूटपाथचा विषय काढला तर एक जण म्हणाले, "तो सोसायटीच्या हद्दीत येतो का?" विषय संपला.

---

कोपरीची_सून

पादचारी पुलाची रुंदी वाढवा आधी! बाकी चालू द्या.

---

बदलीवाला

सगळ्यांचे आभार. नौपाड्याचं घर नक्की करतोय. चिखलवाडीपासून लांब आहे, दुकानदाराला विचारलं, त्याने रेघ दाखवली नाही पण "आमच्याकडे नाही येत" म्हणाला. ठराव झालेला नाही, फलकही वाचला. (तिसऱ्या मजल्यावरचे एक जण चौदा महिन्यांचे थकबाकीदार आहेत.) नोटीस तीन महिन्यांची लिहून घेतली. सामान कधी आणू? गुढीपाडव्याला सुट्टी आहे, तेव्हा टेम्पो सांगतोय, सकाळी आठला.

---

टेंभीवाली

अहो, पाडव्याला सकाळी नको! कोपिनेश्वराची पालखी निघते, स्वागतयात्रा गोखले रोड, राम मारुती रोड करत फिरते. चित्ररथ, लेझीम, नऊवारीतल्या बाइकवाल्या, ढोल. तुमचा टेम्पो हरिनिवास चौकातच अडकेल आणि कपाट घेऊन तुम्ही यात्रेत.

---

नौपाडा_बारमाही

दुपारी तीननंतर सांगा. आणि टेम्पोवाल्याला मोठी गाडी आणू नको म्हणा, आमच्या गल्लीत छोटा हत्तीच वळतो. फाटकाशी स्कूटर असतील, त्या उचलायला हाक मारा, आम्ही चौघं सवयीचे आहोत.

---

बदलीवाला

ठरलं, तीन वाजता. येताना नाशिकचा चिवडा आणतो, मिसळीचा वाद त्यावर मिटवू.

---

विष्णूनगर_वडा

चिवडा आणा, वाद मिटणार नाही.